घसारामामा आणि एकाच कामाची इमारत

कोणाच्या घरी नवा सोफा आला की शेजारीपाजारी त्यावर बसून बघतात, मऊ आहे म्हणतात, चहा पितात आणि आपापल्या घरी जातात. घसारामामा बसायचे नाहीत. ते गुडघे टेकून सोफ्याच्या पोटाखाली डोकं घालायचे आणि तिथूनच विचारायचे, "किती वर्षं धरलीत?"

यजमानांना आधी वाटायचं, मामांचं काहीतरी घरंगळून खाली गेलंय. मग कळायचं की मामा सोफ्याचं आयुष्य विचारताहेत.

मामा कर सल्लागार होते. सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माळ्यावर त्यांची खोली होती, आणि खालून हातोडीचे ठोके वर येत असताना ते आयुष्यभर लोकांना एकच गोष्ट समजावत आले होते. धंद्यासाठी घेतलेली वस्तू दरवर्षी थोडी झिजते. जेवढी झिजली तेवढं उत्पन्नातून वजा करायचं, आणि उरलेल्यावर कर भरायचा. या झिजेला म्हणायचं घसारा. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर ऐकणाऱ्याला जांभई आली असती. पण मामा 'घसारा' हा शब्द असा उच्चारायचे, जणू मखमली पडदा सरकतोय आणि आतून नायिका येतेय. 'घ' वर किंचित थांबायचे, 'सा' लांबवायचे, आणि 'रा' ला हात उघडायचे. समोरचा शिंपी, न्हावी, दूधवाला, जो कोणी असेल तो, नकळत खुर्चीच्या कडेला सरकायचा.

स्वतःलाही त्यांनी सूट दिली नव्हती. टकलावर हात फिरवून म्हणायचे, "वरची मालमत्ता पूर्ण घसरली. आता भंगारात जी किंमत येईल ती." एकदा मामींनी लाडात येऊन विचारलं, "अहो, आणि माझा घसारा किती झाला?"

मामा तत्काळ म्हणाले, "तू जमीन आहेस. जमिनीला घसारा नसतो. कायद्यानेच नाही."

मामी दोन दिवस खूश होत्या. मग भाजी चिरता चिरता विळी थांबवून म्हणाल्या, "जमीन म्हणजे? पसरलेली म्हणालात का मला?"

अशा या माणसाचा सल्ला अख्खं गाव घ्यायचं. घेत नव्हती ती एकटी आक्का.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. गावाबाहेर तिचं शेत होतं, आणि त्या शेतावर मुख्य भूमिका, दिग्दर्शन आणि तिकीटखिडकी, सगळं तिच्याच हातात होतं. तिचा सल्ल्यावरचा विश्वास उडाला तो पंपापायी. फार वर्षांपूर्वी तिला विहिरीवर पंप बसवायचा होता. मामा तेव्हा नुकते शिकून आले होते, ज्ञान उतू जात होतं. ते म्हणाले, "आक्का, नवा घेऊ नको. जुना घे. जुन्याचा घसारा आधीच होऊन गेलेला असतो. आता तो घसरणार कुठे?"

आक्काने जुना पंप घेतला. तो बसवला, सुरू केला, आणि पंपाने एक उसासा टाकून आपले तीन भाग तीन दिशांना पाठवले. त्यातला एक अजून सापडलेला नाही.

"घसरला की रे," आक्का एवढंच म्हणाली होती. तेव्हापासून मामा तिच्या घरी जेवायला जायचे, पण सल्ला पुढे केला की ती त्यांच्या पानात भात वाढायची. भरल्या तोंडाने सल्ला देता येत नाही.

म्हणून जेव्हा आक्काने स्वतःहून विचारलं, तेव्हा मामांच्या हातातला घास हातातच राहिला.

"कोंबड्यांसाठी नवं घर बांधायचं म्हणतेय," आक्का म्हणाली. "चांगलं, पक्कं. कराचं काय ते सांग. पण नीट ऐक. वर बघ आधी."

मामांनी वर बघितलं. छपरातून एक थेंब निघाला, क्षणभर विचार केला, आणि त्यांच्या कपाळावर उतरला. आक्काच्या घराचं छप्पर गळत होतं. स्वयंपाकघरात बादली, माजघरात पातेलं, आणि पलंगावर दाजींच्या, म्हणजे आक्काच्या नवऱ्याच्या, पोटावर एक परात असायची. दाजी उताणे झोपायचे आणि परात भरली की उठायचे. त्यांना सवय झाली होती.

"कोंबड्यांचं घर आधी, कारण घर चालतं ते अंड्यांवर," आक्का म्हणाली. "पण करात जे वाचेल त्यातून या छपराचं काम करायचंय मला. तू म्हणशील तसं बांधते. आणि पुन्हा पंप झाला ना, तर या घरात तू तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. शेवटपर्यंत. कळलं?"

"कळलं," मामा म्हणाले. सल्ला न देता जगायचं म्हणजे गवयाने गळा गहाण टाकून जगायचं.

त्या दिवशी मामांनी पानावरच नियम सांगितला. शेतीला कर नसला तरी अंड्यांच्या धंद्याला असतो. शेतावरचं साधं कोठार असतं, आज धान्य, उद्या ट्रॅक्टर, परवा रुसलेला जावई, त्याचा घसारा वर्षानुवर्षं रांगत चालतो. पण जी नवी इमारत एकाच जातीच्या प्राण्यांसाठी मुद्दाम बांधली, आणि जिच्यात त्यांच्या संगोपनाखेरीज दुसरं काहीही होत नाही, तिचा घसारा निम्म्या काळात धावत संपतो. म्हणजे पहिल्या वर्षांत कर कमी. म्हणजे छप्पर.

"देखभाल करणाऱ्याला आत उभं राहायला थोडी जागा चालते," मामा म्हणाले, "पण त्यापलीकडे काही नाही. एक कुदळ टेकवली, एक कांद्याची गोण ठेवली, की संपलं. एकाच कामाची इमारत! कोंबडी, कोंबडी आणि कोंबडी!"

आक्काने नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलंत?"

दाजी अतिशय सज्जन गृहस्थ. व्यसन कसलं नाही. फक्त मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी ठेवल्याशिवाय त्यांना राहवत नसे. खिडकीत, जिन्यावर, झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरसुद्धा. ते म्हणाले, "छत्रीसुद्धा नाही?"

"छत्रीसुद्धा नाही!" मामा कडाडले.

"मिटलेली?"

इथून मामांचा पहारा सुरू झाला.

बांधकामाच्या पहिल्या दिवसापासून मामा रोज हजर. गवंडी बिचारा सवयीने म्हणाला, "मामा, या भिंतीला एक फळी टाकू का, सामान ठेवायला?"

"फळी?" मामा दोन पावलं मागे सरकले. "तू आत्ता त्या छपराचा खून केलास, माहितेय?"

"कुठल्या छपराचा? अजून टाकलंच नाही."

"तेच! टाकायच्या आधीच!"

खिळेसुद्धा मोजूनमापून. जास्तीचा खिळा दिसला की मामा तो उपटून खिशात टाकायचे, कारण खिळा आला की पाठोपाठ दाजींची टोपी येणार. दारसुद्धा मामांनी मुद्दाम बुटकं आणि अरुंद करून घेतलं, म्हणजे ट्रॅक्टरच काय, सायकल आत न्यायचीही कोणाला इच्छा होऊ नये. स्वतः मामांना वाकून, कुशीवर वळून, पोट आत घेऊन शिरावं लागायचं.

उभं राहून पहारा देणं वयाला झेपेना, म्हणून त्यांनी माळ्यावरची आपली खुर्ची आणवली. नुसतं बसून वेळ जाईना, म्हणून टेबल आणवलं. वडिलांच्या वेळचं, शिसवी, चार जणांनी उचलायचं. दार बसायच्या आधीच ते आत आलं. टेबल आलं म्हणून दिवा आला. दिवा आला म्हणून कागद आले. कोंबड्या राहायला आल्या तेव्हा मामा आधीच आत होते, आणि कोंबड्यांना वाटलं, हे घराबरोबरच मिळतं.

मामांच्या ते लक्षातच आलं नाही, हो. कुणी आत काही ठेवत नाही ना, हे बघण्यात ते इतके गुंतले होते की आपण काय ठेवलंय हे बघायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. शिवाय मोठी सुखाची जागा होती ती. उबदार होती, हातोडीचे ठोके नव्हते. नुसता एक मंद कलकलाट, पडदा उघडण्याआधी भरलेल्या नाट्यगृहातून येतो ना, तसा. मामा आकडा लिहून मान वर करायचे तर शंभर डोळे त्यांच्याकडे बघत असायचे. असा प्रेक्षक माळ्यावर कुठला?

गिऱ्हाईकंही तिकडेच येऊ लागली. शिंपी आला, दूधवाला आला. वाकून, वळून, पोट आत घेऊन आत यायचे, कोंबड्यांमधून वाट काढायचे आणि आपली दुखणी सांगायचे. मामांनी सोयीसाठी एक पाटीही लावली: 'कर सल्लागार. पाय पुसून यावे.' ते जाताना पुसायचे की येताना, यावर शिंप्याचा आणि त्यांचा वाद झाला होता.

टेबलावर दोन लाकडी खोकी असायची, आवक आणि जावक. एका पांढऱ्या, जाडजूड, मान ताठ ठेवून चालणाऱ्या कोंबडीने आवक आपलं म्हणून जाहीर केलं. मामा तिला बाईसाहेब म्हणायचे. तिच्यासाठी लाकडाचे पेटारे होते, त्यांत मऊ पेंढा होता, पण बाईसाहेबांना कागद लागायचे. आक्का हात घालायला गेली तर चोच, दाजींना तर बघूनच चोच. फक्त मामा टेबलाशी वाकून म्हणायचे, "उठा बाईसाहेब, काम आलंय," की ती एका बाजूने किंचित उचलली जायची. मामा खालून हात घालून अंडं काढायचे, मग त्याखालचा कागद काढायचे, आणि म्हणायचे, "बसा."

एवढं सगळं रोज आक्काच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. पण नियमातलं तिला काही कळत नाही असं ती धरून चालली होती. आणि ज्याला कळत होतं तोच मांडी घालून बसला होता.

मग एक दिवस आक्काच्या घरी फोन आला. कर खात्याच्या अधिकारी मॅडम उद्या सकाळी नवी इमारत बघायला येणार.

मामांच्या अंगात वीर संचारला. "येऊ दे! बघू दे! दाजी, छत्री कुठाय?"

"अंगणात."

"टोपी?"

"डोक्यावर."

"कुदळ, दोरी, घमेलं? काही नाही ना आत? आक्का, तूच सांग, आत कोंबड्यांखेरीज काय आहे?"

आक्काने आत डोकावून शांतपणे म्हटलं, "तू."

मामा हसले. मग हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी वळून बघितलं. टेबल. खुर्ची. दिवा. भिंतीवर टांगलेली पाटी, जिचा खिळा त्यांनी स्वतः, आपल्याच खिशातून काढून, ठोकला होता.

"अगं बाई," मामा म्हणाले आणि खुर्चीत बसले, आणि लगेच चटका बसल्यासारखे उठले.

"पंप," आक्का म्हणाली.

संध्याकाळ होईपर्यंत झटापट चालली. खुर्ची निघाली, दिवा निघाला. टेबल निघेना. आडवं केलं, उभं केलं, पाय वर केले. दार हलेना आणि टेबल वाकेना. दाजी घाम पुसत म्हणाले, "कापू या का?"

"वडिलांचं आहे ते!"

"मग दार कापू."

"दार कोंबड्यांच्या मापाचं आहे, तोच तर पुरावा आहे!" मामा जवळजवळ रडले.

या सगळ्या धावपळीत बाईसाहेब आवकमध्येच बसून होत्या. टेबल आडवं झालं तेव्हा त्या तेवढ्यापुरत्या उतरल्या, सरळ झाल्यावर पुन्हा जागेवर. त्यांच्यावर कसलाही परिणाम नव्हता.

शेवटी दाजींनी टेबलावर पोती पसरली आणि वरून पेंढा टाकला. "आता हा ओटा," ते म्हणाले. "कोंबड्यांना बसायला."

"मी खोटं बोलणार नाही," मामा म्हणाले.

"तुला बोलायला कोण सांगतंय?" आक्का म्हणाली. "तू कोपऱ्यात उभा राहा. मूक भूमिका कर."

सकाळी मॅडम आल्या. तरुण होत्या, चष्मा नाकावर घसरत होता आणि त्या तो बोटाने वर ढकलत होत्या. हातात टेप. पायात पांढरे बूट. ते बघून दाजींना मनापासून वाईट वाटलं. त्या वाकून, वळून आत आल्या आणि म्हणाल्या, "दार फारच लहान केलंय हो."

"कोंबड्यांच्या मापाचं," आक्का म्हणाली.

मॅडमनी दार मोजलं. खिडक्यांच्या जाळ्या बघितल्या. खाण्याची कुंडी, पाण्याच्या नळ्या, पेटारे. प्रत्येक ठिकाणी "छान" म्हणत गेल्या, आणि दर 'छान'गणिक मामांचे खांदे एक बोट वर येत होते. एक खिळा जास्तीचा नव्हता. एक फळी नव्हती. मॅडम म्हणाल्या, "इतकी शुद्ध इमारत मी बघितली नाही. लोक हमखास काहीतरी ठेवतात. परवा एका ठिकाणी बकऱ्यांच्या घरात पियानो निघाला."

दाजींच्या डोळ्यांत चमक आली. "मावला?"

आता फक्त शेवटचा कोपरा राहिला होता. मॅडम पेंढ्याच्या ढिगापाशी आल्या. ढिगावर बाईसाहेब विराजमान होत्या.

"हा ओटा कशाचा?"

कोणी बोलण्याआधी बाहेरून खणखणीत आवाज आला. "मामा! ऑफिसात आहात का? की आज सुट्टी?" आणि वाकून, वळून, पोट आत घेऊन शिंपी आत आला. त्याच्या काखेत कागदांचं भेंडोळं होतं. त्याने मॅडमकडे बघून मान लववली, "तुम्ही आधी आलात का? असू दे, मी थांबतो," आणि सवयीने खुर्चीवर बसायला गेला. खुर्ची काढलेली होती. तो जमिनीवर बसला. काय बसला! असं बसणं हजारदा तालीम करून जमत नाही.

मॅडमनी पोतं उचललं. शिसवी पाय दिसला. आणखी उचललं. खण दिसला, त्याचं पितळी कुलूप दिसलं. भिंतीवर पाटी होतीच. ती काढायची राहून गेली होती. मॅडमनी ती मोठ्याने वाचली. "पाय पुसून यावे."

आक्का झटकन पुढे झाली. "आमचा गडी बसतो तिथे. देखभाल करणारा. नियमात चालतं ना?"

"कुठाय गडी?"

आक्काने मामांकडे बोट केलं. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, टकलावर पेंढ्याची एक काडी. गडी म्हणून ते कुठल्याही कोनातून शोभत नव्हते.

आता मामांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर? एकच अक्षर होतं. त्या एका अक्षरावर आक्काचं छप्पर होतं, दाजींच्या पोटावरची परात होती, आणि त्यांचं स्वतःचं उरलेलं बोलणं होतं. मामांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"मॅडम, मी गडी नाही," ते म्हणाले. "मी कर सल्लागार आहे. हा नियम मीच आक्काला सांगितला. इथे कोणी काही ठेवू नये म्हणून मी पहाऱ्याला बसलो, आणि बसल्या बसल्या इथेच दुकान मांडलं. बाकी सगळं कोंबड्यांचं आहे. चूक आहे ती फक्त माझी. इमारतीची नाही, आक्काची तर मुळीच नाही."

कोंबड्यांनी कलकलाट थांबवला. हल्ली असे प्रेक्षक मिळत नाहीत.

आक्काने छपराकडे बघितलं. कोंबड्यांचं छप्पर, त्यातून काहीच गळत नव्हतं.

मॅडमनी चष्मा वर ढकलला. "म्हणजे तुम्ही इथे बसून कोंबड्यांचं काहीच करत नव्हता?"

"काही नाही."

"मग ही काय करतेय?" त्यांनी बाईसाहेबांकडे हात केला, आणि बाईसाहेबांनी तो हात पसंत नसल्याचं चोचीने कळवलं. मॅडम ओरडल्या. आक्का धावली, तिलाही प्रसाद मिळाला. दाजी लांबूनच म्हणाले, "मी येत नाही."

मामांना राहवलं नाही. ते पुढे झाले, टेबलाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "उठा बाईसाहेब. काम आलंय."

बाईसाहेब एका बाजूने किंचित उचलल्या. मामांनी हात घालून अंडं काढलं, सदऱ्याच्या टोकाला पुसलं, आणि काय करावं न सुचून मॅडमच्या हातात दिलं. मग म्हणाले, "बसा." मॅडमही बसायला लागल्या होत्या.

"रोज काढता?" मॅडमनी विचारलं. अंडं गरम होतं.

"दुसरं कुणी काढूच शकत नाही ना. आणि ती लंगडी तिथे कुंडीपर्यंत पोचत नाही, तिला मी पुढे सरकवतो. ती काळी दुसरीच्या डोक्यावर उभी राहते, तिला खाली उतरवतो. पाण्याची नळी तुंबली की फुंकतो. पण ते काय, मध्ये मध्ये. काम करता करता."

"मामा," मॅडम म्हणाल्या, "यालाच संगोपन म्हणतात."

आयुष्यभर मामांनी लोकांना शब्दांचे अर्थ सांगितले होते. हा अर्थ त्यांच्या टेबलावर रोज येऊन बसत होता.

"पण ऑफिस ते ऑफिसच," मॅडम पुढे म्हणाल्या, आणि आक्काचा चेहरा उजळता उजळता थांबला. "इमारत वर्षभर कशी वापरली जाते ते आम्ही बघतो, आणि वर्ष नुकतंच सुरू झालंय. कागद आजच्या आज बाहेर. पाटी बाहेर. शिंपीदादा बाहेर. टेबल..." त्यांनी बाईसाहेबांकडे बघितलं, बाईसाहेबांनी त्यांच्याकडे. "टेबल कोंबडी वापरतेय, असं मला दिसतंय. मी न कळवता पुन्हा येईन. हे गृहस्थ हातात झाडू घेऊन दिसले तर देखभाल करणारे. पेन घेऊन दिसले तर ऑफिस, आणि मग इमारत साधी. कबूल?"

"आणि दिसलेच नाहीत तर?" मामांनी आशेने विचारलं.

"तर हिचं अंडं कोण काढणार?" आक्का म्हणाली. ती झाडू आणायला निघालीसुद्धा होती.

मामा आता रोज सकाळी शेतावर जातात. त्यांनी सदरे बदललेत. मामी म्हणतात, आयुष्यभर या माणसाने घरात केरसुणी ओलांडली, उचलली नाही, आणि आता बघा. गिऱ्हाईकं तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहतात आणि आवाज देतात. मामा आतून ओरडतात, "थांबा, एकही आकडा बोलू नका!" मग झाडू दाराशी ठेवतात, वाकून, वळून बाहेर येतात, झाडाखाली जाऊन खिशातून पेन काढतात, सल्ला देतात, पेन पुन्हा झाडाच्या ढोलीत ठेवतात आणि आत जातात. एकदा दूधवाल्याने दारातून डोकं आत घालून सहज विचारलं, "मामा, माझ्या नव्या दुचाकीचा घसारा..." आणि मामांनी दोन्ही कानांत बोटं घातली. झाडू दूधवाल्याच्या अंगावर पडला.

मॅडम दोनदा येऊन गेल्या. पहिल्या खेपेला मामा लंगडीला मांडीवर घेऊन बसले होते आणि तिला काहीतरी सांगत होते. मॅडमनी दाराआडून ऐकलं, मग आवाज न करता निघून गेल्या. तो घसाराच होता, पण कोंबडीला सांगितलेला सल्ला धंद्यात मोडतो की संगोपनात, हे त्यांना तिथल्या तिथे ठरवता आलं नाही. दुसऱ्या खेपेला मामांच्या हातात झाडूच होता.

वर्षअखेरीस कर वाचला आणि आक्काच्या घराचं छप्पर झालं. दाजींना पहिले काही दिवस झोप लागेना. पोटावर काहीतरी हवंच होतं. परात रिकामीच ठेवून बघितली, पण तो भार नव्हे. अखेर त्यांनी तिच्यात पाणी भरून घेतलं.

एकदा जेवताना आक्काने मामांचं पान वाढलं. भात वाढायला आली, आणि वाढता वाढता थांबली. डाव हवेतच.

"काय रे," ती म्हणाली, "दोन गाई घ्यायच्या म्हणतेय. त्यांनाही नवं घर बांधायचं तर... काय करायचं ते सांग ना."

मामांनी घास खाली ठेवला. तोंड पुसलं. किती वर्षांनी हा संवाद त्यांच्या वाट्याला आला होता. ते 'घ' वर किंचित थांबले, 'सा' लांबवला, आणि 'रा' ला हात उघडणार, एवढ्यात मनात काहीतरी चमकलं.

"आक्का," ते सावधपणे म्हणाले, "गाईंची देखभाल कोण करणार?"

आक्काने भात वाढला. भरपूर वाढला.

"खा," ती म्हणाली. "बोलू नंतर."